टीव्ही भिंतीला टांगताय? या चुका टाळा

दसरा आला की माझा फोन वाजायला लागतो. "काका, टीव्ही आलाय, स्टँड ऑनलाइन मागवलाय, फक्त चार स्क्रू मारायचेत." हे 'फक्त चार स्क्रू' ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. स्टँड घेताना भिंत कोणी बघितलेलीच नसते.

माझ्या साडूचंच घ्या. वाकडला नवा फ्लॅट, ५५ इंची टीव्ही आणि हौसेने घेतलेला, पुढे ओढून फिरवता येणारा स्टँड. बसवायला आलेल्या पोराने स्टँडसोबतच्या पुडीतल्या प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या आणि पंधरा मिनिटांत गेला. भिंत सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या, पोकळ दाण्यांच्या सिमेंट ब्लॉकची! टीव्ही भिंतीलगत राहिला असता तर कदाचित निभावलं असतं. पण साडू रोज रात्री तो दीड फूट ओढून जेवणाच्या टेबलाकडे वळवायचा. स्टँडचा हात जितका बाहेर येतो, तितके वरचे स्क्रू भिंतीतून उपसले जातात. तीन महिन्यांनी फोन आला, "टीव्हीने मान टाकलीय." मी जाऊन वरचा स्क्रू दोन बोटांनी धरला, तर तो गिट्टीसकट हातात आला आणि मागोमाग पिठासारखी भुकटी टीव्हीच्या कडेवर सांडली.

तेव्हापासून मी खोकं उघडायच्या आधी, स्टँडखाली झाकलं जाईल अशा जागी एक बारीक भोक पाडतो आणि भुकटी बघतो. पहिला अर्धा इंच प्लास्टरचा, तो सोडून द्या. नंतर लाल आली तर वीट. करडी येतेय आणि ड्रिल किंचाळतंय तर काँक्रीट, त्यावर हवा तो स्टँड लावा. पांढुरकी आली आणि ड्रिल लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं तर सिपोरेक्स. तिथे ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देणं, बंद करून भोक पाडायचं, सिपोरेक्ससाठी मिळतात ते लांब नायलॉनचे फास्टनर घ्यायचे आणि स्टँड साधा, भिंतीला चिकटणारा. फिरता स्टँड मी त्या भिंतीवर लावत नाही. गिऱ्हाईक रुसलं तर रुसलं.

स्टँड इंचांवरून घेऊ नका. टीव्हीच्या मागच्या चार भोकांमधलं अंतर मोजा, २०० बाय २०० की ४०० बाय ३०० मिलिमीटर, आणि वजन बघा. उंचीचं म्हणाल तर सोफ्यावर बसून डोळ्यांसमोर पडदा यावा. देवाच्या फोटोइतका वर टांगलात तर मान तुमचीच आहे.

आता वायरी. फर्निचरवाल्याने भिंतीत २० मिमीचा पाइप टाकलेला असतो आणि चित्र-आवाज नेणाऱ्या एचडीएमआय वायरीचं डोकंच साधारण २० मिमी रुंद. मग ते एल्बोत, म्हणजे पाइपच्या वळणात, अडकतं, आणि नव्या रंगकामावर छिन्नी चालवायची वेळ येते. मी ४० मिमीच्या खाली पाइप टाकू देत नाही आणि आत नायलॉनची दोरी ओवून ठेवतो. आज ना उद्या वायर बदलावी लागतेच.

साउंडबार टीव्हीच्या कुठल्याही एचडीएमआयला लावायचा आणि "आवाज येत नाही" म्हणून फोन करायचा, हेही रोजचंच. ज्या पोर्टवर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलंय, तोच टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवतो, तिथेच लावा आणि सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे दोन्ही यंत्रांना एकमेकांशी बोलू देणारी सोय, चालू करा. ऑप्टिकल वायरीतून ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एका सबवूफरचा आवाज, येईल, अ‍ॅटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आल्यासारखा वाटणारा आवाज, येणार नाही. तिच्या टोकावरची इवलीशी प्लास्टिकची टोपी काढा. मी ती शिकल्यासवरल्या इंजिनिअरांच्या घरी काढलीय. दोन मीटरच्या एचडीएमआयला सोन्याच्या मुलाम्यासाठी हजारो रुपये मोजणं म्हणजे निव्वळ हौस. पाच मीटरच्या पुढे ४के हवं असेल तर मात्र फायबरची वायर घ्या. तिला दिशा असते, कुठलं टोक टीव्हीला लावायचं ते टोकांवर लिहिलेलं असतं. ती भिंतीत ओढायच्या आधी वाचा.

स्पीकरची वायर स्वस्त मिळाली तर टोक कापून बघा. आतून चंदेरी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असण्याचीच शक्यता जास्त. लांबच्या मागच्या स्पीकरांना मी १४ गेजचं शुद्ध तांबं वापरतो. आणि जोडून झाल्यावर बास गायब वाटला, तर अ‍ॅम्प्लिफायरला शिव्या घालण्याआधी एका स्पीकरची लाल-काळी उलटी तर लागली नाही ना, ते बघा.