सस्तन प्राण्यांच्या मांसाची अ‍ॅलर्जी आहे? पाकीट वाचताना या चुका टाळा

"वर चिकन लिहिलं होतं म्हणून घेतलं." हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्याच्या आधी मीच ते पूर्ण करते. गोचीड चावून अल्फा-गॅल (सस्तन प्राण्यांच्या मांसातल्या एका साखरेची अ‍ॅलर्जी) मागे लागलेल्या आपल्यासारख्यांना कोंबडी, मासे चालतात, हे खरंय. मी पण सुरुवातीला चिकन सॉसेज आणले, यादीत पहिलं नाव चिकन, म्हटलं झालं, आणि रात्री आठला खाल्ले. एक वाजता अंगभर पित्त उठलेलं, ओठ सुजलेले, पोटात मुरडा, तसंच दवाखान्यात पळालो. आणि मी दोष कुणाला दिला, तर झोपताना खाल्लेल्या केळ्याला! या अ‍ॅलर्जीत त्रास साधारण २ ते ६ तासांनी सुरू होतो हे माहीत असूनही आपल्याला शेवटचा घासच आठवतो. दोन दिवसांनी उरलेलं पाकीट नीट वाचलं तर अगदी तळाला बारीक अक्षरात, आवरण डुकराच्या आतड्याचं. आत कोंबडी, बाहेर डुक्कर.

तेव्हापासून मी यादी खालून वर वाचते आणि खाल्लं की पाकिटाचा फोटो काढून ठेवते, म्हणजे वेळही कळते. "स्कॅन करायला एखादं अ‍ॅप नाही का" विचारणाऱ्यांनो, वाचायला दोन मिनिटं लागतात हो.

दुसरी चूक म्हणजे फक्त बीफ, पोर्क, मटण हे शब्द शोधणं. जिलेटिन (प्राण्यांच्या कातडी-हाडांपासूनचं), लार्ड (डुकराची चरबी), टॅलो (गाय-मेंढीची चरबी) हे तर शोधायलाच पाहिजेत, पण ई४७१ (तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा घटक), ग्लिसरीन, मॅग्नेशियम स्टिअरेट हे वनस्पतीपासूनही बनतात आणि प्राण्यापासूनही, आणि पाकीट बऱ्याचदा ते सांगत नाही. मग कंपनीला विचारायचं, पण "हे सेफ आहे का" असं नाही, कारण त्यांच्या डोक्यात दूध, शेंगदाणा, सोयाची यादी असते आणि त्यात आपण नसतो. "हा घटक गाय, डुक्कर, मेंढी अशा कुठल्या प्राण्यापासून आहे का" एवढंच विचारा, आणि लेखी उत्तर घ्या.

"पोर्क नाही" म्हणजे गायीचं जिलेटिन असू शकतं. माशाचं असेल तर चालतं.

व्हीगन शिक्का बघून डोळे मिटू नका, कॅरगीनन (पदार्थ घट्ट करायला घालतात ते) समुद्री शेवाळातून येतं, म्हणजे व्हीगनच, आणि काहींना तेही नडतं.

दूध सगळ्यांना बाधत नाही, पण ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा, माझ्याशी नाही.

नेहमीचंच पाकीट असलं तरी दर वेळी वाचा, घटक बदलतात.

आणि ते "थोडंसं खाऊन बघितलं, काही नाही झालं" वाले. अहो, या अ‍ॅलर्जीचा त्रास दर वेळी होतोच असं नाही, आज काही झालं नाही म्हणून पुढच्या वेळी होणार नाही असं कुणी सांगितलं? शिवाय चाखून बघायचं संध्याकाळी आणि उत्तर येणार मध्यरात्री, तेव्हा तुम्ही गाढ झोपेत.