टू-डू ॲप, म्हणजे कामांची यादी ठेवणारं ॲप, निवडताय?
आधी घड्याळ लावून बघा: एक काम नोंदवायला किती वेळ लागतो? ‘वीजबिल, शुक्रवार’ एवढं लिहायला चार ठिकाणी बोट लावावं लागत असेल, तर ते ॲप आठवडाभरात धूळ खात पडणार. (लेबलांचे रंग निवडण्यातच अर्धा तास घालवणाऱ्यांपैकी मीही एक.) कॅलेंडर गूगलचं असेल तर गूगल टास्क्स पुरे, तारीख घातलेलं काम थेट कॅलेंडरात दिसतं. मायक्रोसॉफ्ट टू डूमधली ‘माय डे’ ही आजच्या कामांची यादी रोज रात्री कोरी होते, पण राहिलेली कामं मूळ यादीत शाबूत असतात. सकाळी त्यातली आजची तेवढी उचलायची. मला हे फार पटतं. पैसे भरायची घाई नको, फुकटात आठवडाभर खरी कामं टाकून बघा.