नजर न हलवता लक्ष कसं हलवायचं, करून बघा
नजर जिथे तिथेच लक्ष असं आपण धरून चालतो पण तसं नसतं, आणि हे स्वतः तपासता येतं. कोऱ्या कागदावर मधोमध ठळक टिंब काढा, त्याच्या डावी-उजवीकडे पाच-सहा सेंटीमीटरवर मोठी दोन-दोन अक्षरं दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या म्हणजे ती आधीच माहीत नसतील. कागद हाताच्या अंतरावर धरा, नजर टिंबावर खिळवा आणि आता डोळे न हलवता फक्त डावीकडे लक्ष द्या. सुरुवातीला डोळे पळतातच तिकडे, परत टिंबावर आणायचे. जमलं की डावीकडची अक्षरं बऱ्यापैकी कळतात आणि उजवीकडे काहीतरी आहे एवढंच जाणवतं. मग नवीन कागदावर बाजू बदलून करा.

हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 19व्या शतकात हेच अंधारात केलं, विजेच्या ठिणगीचा उजेड इतका क्षणिक की डोळे हलवायला वेळच नाही, तरी आधी जिकडे लक्ष लावलं तिथलीच अक्षरं त्याला वाचता आली! मला हे आजही थक्क करतं. डोळ्यातलं चित्र तेच राहतं, पण मेंदूचा पुढचा आणि वरचा भाग दृष्टीच्या भागाला त्या जागेचा सिग्नल वाढवायला लावतो, बाकीचं मागे पडतं. म्हणूनच 1999 च्या सायमन्स आणि चॅब्रिस या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात व्हिडिओतले बॉलचे पास मोजणाऱ्या जवळपास निम्म्या लोकांना मधून चालत गेलेला गोरिलाच्या वेशातला माणूस दिसलाच नाही.

चष्मा असेल तर घालूनच करा, आणि डोळे थकले की थांबा.