समुद्राजवळच्या घराचं साइडिंग बदलायचंय? आधी खिळे कुठले ते विचारा

जर्सी शोरला, म्हणजे अमेरिकेत न्यू जर्सीच्या समुद्रकिनाऱ्यावर, घर घेतलेले आपले मराठी लोक आता बरेच झालेत, आणि घर घेऊन चार-पाच वर्षं झाली की प्रत्येकाचा एकच फोन येतो, अरे साइडिंग बदलायला किती लागतील? आम्ही तिथल्याच मॉनमथ काउंटीत, समुद्रापासून अर्ध्या मैलावर राहतो, घर १९७४ चं. दोन वर्षांपूर्वी सगळं साइडिंग काढून नवीन केलं, त्यात बरंच शिकलो आणि थोडे पैसे उगाच घालवले. म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात. इथली बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची. त्यावर प्लायवुड किंवा ओएसबीच्या (लाकडाचे कपचे दाबून केलेल्या) शीट ठोकतात, त्यावर टायवेकसारखा हाउसरॅप, म्हणजे पाणी अडवणारं पातळ आवरण, गुंडाळतात आणि सगळ्यात बाहेरून पट्ट्यापट्ट्यांचं आवरण लावतात, तेच साइडिंग. प्लास्टर नाही, चिरा नाही, घराचा रेनकोट समजा. माझ्या आजोळी कोकणात मिरगाच्या आधी पडवीला झावळ्यांच्या झडी बांधायचे, पश्चिमेकडून पाऊस आत येऊ नये म्हणून. इथे समुद्र पूर्वेला, त्यामुळे मार खाते ती पूर्वेची आणि उत्तरेची भिंत, कारण नॉरईस्टर वादळं त्याच बाजूने येतात. हे लक्षात ठेवा, पुढे पैसे वाचवायला उपयोगी पडेल.

पहिलं काम, घर स्वतः मोजा. कॉन्ट्रॅक्टर लोक 'स्क्वेअर' मध्ये बोलतात, एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट. समजा ३० बाय ४० चं दुमजली घर आहे, भोवतीचा परिमिती १४० फूट, भिंतीची उंची १८ फूट, म्हणजे २,५२० चौरस फूट झाले. वर दोन बाजूंना छपराखालचे त्रिकोण असतात, ३० फूट रुंद आणि ८ फूट उंच धरले तर प्रत्येकी १२०, म्हणजे आणखी २४०. एकूण २,७६०, त्यात कापाकापीत वाया जाणारं दहा टक्के धरलं की साधारण ३० स्क्वेअर माल. खिडक्या-दारं वजा केली तर प्रत्यक्ष भिंत २,५०० च्या आसपास राहते. हा आकडा खिशात असला की कोणी ३८ स्क्वेअर लिहून आणलं तर निदान 'कसे काय' असं विचारता येतं. आम्हाला एकाने खरंच तसं आणलं होतं, विचारल्यावर म्हणाला गॅरेज धरलं चुकून. आमच्याकडे गॅरेजच नाही.

आता भाव. २०२४ च्या कॉस्ट व्हर्सेस व्हॅल्यू रिपोर्टमध्ये १,२५० चौरस फूट साइडिंग बदलायचा अख्ख्या अमेरिकेचा सरासरी खर्च व्हायनिलसाठी (म्हणजे प्लास्टिकच्या साइडिंगसाठी) १७,४१० डॉलर आणि फायबर सिमेंटसाठी (तंतू मिसळलेल्या सिमेंटच्या फळ्यांसाठी) २०,६१९ डॉलर होता, आणि घर विकताना त्यातले अनुक्रमे ८०.२ आणि ८८.४ टक्के परत येतात असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे चौरस फुटाला साधारण १४ आणि साडेसोळा डॉलर. वरच्या घराला लावलं तर व्हायनिल ३५ हजार आणि फायबर सिमेंट ४१ हजारांच्या आसपास जातं. पण हे देशभराचं झालं, समुद्राजवळ हे आकडे कमीत कमी म्हणून धरायचे, जास्तीत जास्त म्हणून नाही.

मटेरियल कुठलं घ्यायचं यावर लोक तासन्‌तास भांडतात, मी थोडक्यात सांगतो. व्हायनिलला गंज नाही, रंग लावायला लागत नाही, स्वस्त, पण वाऱ्याने उडतं. घ्यायचंच असेल तर जाड घ्या, ०.०४६ इंच किंवा त्याहून जास्त, आणि खिळे ठोकायची कड दुमडलेली म्हणजे डबल असेल असं बघा, आणि वाऱ्याचं रेटिंग ब्रोशरमध्ये वाचा, सेल्समनच्या तोंडून ऐकू नका. आणखी एक गोष्ट, शोरला प्लॉट चिंचोळे असतात, शेजाऱ्याच्या खिडकीच्या नव्या लो-ई (उष्णता परत फेकणाऱ्या) काचेवरून परावर्तित झालेल्या उन्हाने व्हायनिल वितळतं, गंमत नाही, खरंच भजीसारखं वाकडं होतं. फायबर सिमेंट, म्हणजे जेम्स हार्डी कंपनीचं वगैरे, जड आणि टणक, जळत नाही, वाळवी लागत नाही, पण जमिनीपासून ६ इंच आणि डेक किंवा छपरापासून २ इंच वर ठेवायला लागतं नाहीतर खालून पाणी शोषतं आणि वॉरंटीही हातची जाते. सीडर शिंगल (सीडर लाकडाच्या लहान पातळ फळ्या) म्हणजे शोरची जुनी ओळख, काही वर्षांत चंदेरी करडी होतात, दिसायला एक नंबर, पण तिन्हीत सगळ्यात महाग आणि निगा राखायची तयारी हवी. अॅल्युमिनियमचं जुनं साइडिंग असेल तर त्याला मिठाने बारीक खड्डे पडतात, नव्याने लावायच्या भानगडीत पडू नका. आम्ही फायबर सिमेंट घेतलं.

पण खरी गोष्ट अशी आहे की समुद्राजवळ पैसे साइडिंगमध्ये कमी आणि साइडिंगच्या मागे जास्त जातात. कोटेशन स्वस्त दिसतं ना, ते मागचं काहीतरी गाळलेलं असतं म्हणून.

खिळ्यांपासून सुरू करू. फायबर सिमेंटची फळी ७ इंच दिसते आणि दर १६ इंचांवर एक खिळा, म्हणजे एका स्क्वेअरला जवळपास १३० खिळे, अख्ख्या घराला ४ हजाराच्या आसपास. खिळे ठोकायच्या गनमध्ये जे स्वस्त खिळे घालतात ते बरेचदा इलेक्ट्रोगॅल्वनाइज्ड असतात, जस्ताचा अगदी पातळ थर, खाऱ्या हवेत लवकरच तांबडे ओघळ भिंतीवर दिसायला लागतात. निदान हॉट-डिप गॅल्वनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेले) हवेत, आणि समुद्राजवळ असाल तर सरळ स्टेनलेस घ्या, ३०४ नाहीतर ३१६. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, मिठाला जास्त दाद देत नाही. फेमा म्हणजे इथलं आपत्ती व्यवस्थापनाचं सरकारी खातं, त्यांच्या गाइडमध्ये किनाऱ्यापासून ३०० फुटांच्या आतली घरं सगळ्यात वाईट धरतात आणि ३०० ते ३,००० फूट मधली, आमचा अर्धा मैल म्हणजे २,६४० फूट, म्हणजे आम्हीही त्यात आलो. सीडरला तर स्टेनलेसशिवाय पर्यायच नाही, लोखंड आणि लाकडातलं टॅनिन मिळून काळे डाग पडतात. स्टेनलेसचा फरक अख्ख्या घराला काही शे डॉलरचा असतो, चाळीस हजारांच्या कामात काही शे. तरी कोटेशनमध्ये नुसतं 'नेल्स' लिहितात. तिथे पेनाने 'स्टेनलेस ३०४ किंवा ३१६' लिहून घ्या आणि कामाच्या दिवशी खोका बघा, बघाच.

मग लाकूड. जुनं साइडिंग काढेपर्यंत आत काय कुजलंय ते कोणालाच कळत नाही, आणि तिथेच बिल फुगतं. आमच्या कोटेशनमध्ये ३ शीट धरल्या होत्या, निघाल्या १४, जवळपास सगळ्या पूर्वेच्या भिंतीत आणि त्यातल्या निम्म्या खिडक्यांच्या खाली, कारण आधीच्या माणसाने खिडकीच्या वर फ्लॅशिंगच (पाणी बाहेर वळवणारी पट्टी) घातलं नव्हतं, नुसता कॉक (फटी बुजवायचा मसाला) फासला होता. शीट ४ बाय ८ ची, म्हणजे ३२ चौरस फूट. काम सुरू व्हायच्या आधी प्रति शीट भाव मजुरीसकट लिहून घ्या, नंतर भिंत उघडी आणि उद्या पाऊस अशा वेळी घासाघीस करायची तुमची काय टाप असते? मी केली नव्हती, म्हणून सांगतोय. आणि वर १५ टक्के रक्कम बाजूला काढून ठेवा, उरली तर उरली.

खिडकीच्या वर हेड फ्लॅशिंग, छप्पर जिथे भिंतीत घुसतं तिथे किकआउट फ्लॅशिंग, हाउसरॅपचे जोड टेपने बंद, हे सगळं वेगवेगळ्या ओळीत यायला हवं. जमलं तर हाउसरॅप आणि साइडिंग यांच्यामध्ये पट्ट्या मारून हवा खेळायला फट ठेवा, त्याला रेनस्क्रीन म्हणतात, आडव्या पावसात मागे गेलेलं पाणी खाली उतरून वाळतं. खर्च वाढतो, पण पूर्वेच्या भिंतीला तरी मी करेन म्हणजे करेनच.

व्हायनिल लावत असाल तर एक गोष्ट स्वतः उभं राहून बघा, खिळा घट्ट ठोकायचा नसतो. डोकं आणि व्हायनिल यात साधारण डाइमच्या (दहा सेंटच्या नाण्याच्या) जाडीची फट, खिळा भोकाच्या मधोमध, आणि टोकांना पाव इंच जागा, कारण १२ फुटी पट्टी उन्हाळा-हिवाळ्यात चांगली अर्धा इंच हलते. घट्ट ठोकलं की लाटा येतात.

कागदपत्रं कंटाळवाणी आहेत पण पैसे इथेच वाचतात. न्यू जर्सीत होम इम्प्रूव्हमेंट कॉन्ट्रॅक्टरला राज्याकडे रजिस्टर व्हावं लागतं, नंबर १३व्हीएच ने सुरू होतो, ऑनलाइन तपासता येतो. ५०० डॉलरच्या वरचं काम लेखी करारानेच, आणि सही केल्यावर तीन बिझनेस डेजमध्ये रद्द करता येतं. विम्याचं सर्टिफिकेट कॉन्ट्रॅक्टरकडून नको, त्याच्या एजंटकडून थेट मागवा. परमिट लागतं का ते टाउनच्या बांधकाम ऑफिसला फोन करून विचारा, कॉन्ट्रॅक्टर 'नाय लागत' म्हणाला म्हणून सोडू नका. नवं साइडिंग राज्यात कॅपिटल इम्प्रूव्हमेंट (घराची कायमची सुधारणा) धरतात, त्यामुळे एसटी-८ फॉर्म भरून दिला की बिलावर ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स लागत नाही, सामानावरचा टॅक्स कॉन्ट्रॅक्टर दुकानात भरतो आणि भावात धरतो ते वेगळं. दुरुस्तीला मात्र ही सूट नाही. बिलं जपून ठेवा, घर विकताना हा खर्च कॉस्ट बेसिसमध्ये (करासाठी धरायच्या घराच्या मूळ किमतीत) मिळवता येतो.

घर १९७८ च्या आधीचं असेल तर शिशाच्या रंगाचा नियम लागू होतो, सर्टिफाइड माणूस लागतो, आमचं १९७४ चं म्हणून तो खर्च आलाच. त्याच काळातल्या काही घरांवर अॅस्बेस्टॉस सिमेंटच्या शिंगल असतात, शंका असली तर आधी टेस्ट करा, हाताने तोडत बसू नका. आणि फ्लड झोनमध्ये असाल तर ५० टक्क्यांचा नियम वाचून ठेवा, सुधारणांचा खर्च घराच्या इमारतीच्या बाजारभावाच्या निम्म्याला पोचला तर घर सध्याच्या पूर नियमांप्रमाणे करावं लागतं, म्हणजे कदाचित उचलावंही लागतं. नुसत्या साइडिंगने सहसा तिथे पोचत नाही, पण साइडिंग, खिडक्या, किचन एकदमच काढलं तर जुन्या छोट्या बंगल्याला पोचायला वेळ लागत नाही. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी आलं त्यानंतर कितीतरी लोकांना हा नियम असा समजला.

वादळानंतर दारावर येणारे बाहेरच्या राज्यातले ट्रक सरळ परत पाठवा. कमी खर्चात करायचं असेल तर पूर्व-उत्तर भिंती यंदा, बाकीच्या दोन-तीन वर्षांनी, फक्त तोच रंग तेव्हा मिळेल का विचारा आणि दोन खोके जास्तीचे घेऊन बेसमेंटमध्ये टाका. काही शोर टाउन्समध्ये उन्हाळ्यात कामाच्या वेळांवर निर्बंध असतात, त्यामुळे लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) नंतरची तारीख धरा, थंडी पडायच्या आत उरकतं. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, शेवटचा हप्ता फ्लॅशिंगचे फोटो आणि सामानवाल्याचे पैसे दिल्याचा लिएन वेव्हर (तो नंतर घरावर बोजा चढवणार नाही असा कागद) हातात पडल्यावर.

आणि झाल्यावर पोर्चखालची, छज्जाखालची भिंत वर्षातून दोन-तीनदा बागेच्या पाइपने धुवा. उघड्या भिंतीवरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, आडोशाची भिंत कोणी धुत नाही म्हणून तिथलं लोखंड आधी गंजतं. प्रेशर वॉशर खालून वर मारू नका, पाणी फळीच्या मागे जातं, आमच्या शेजाऱ्याने मारला होता.