मार्व्हलचे चित्रपट कोणत्या क्रमाने पाहावेत?

भुसावळच्या उन्हाळ्यात दुपारी घराबाहेर पडवत नसताना मार्व्हलचे, एकाच कथेत गुंफलेले सुपरहिरोंचे चित्रपट पाहायला घेतलेच, तर ते कथेतील काळानुसार नव्हे, प्रदर्शनाच्या क्रमाने, म्हणजे २००८च्या ‘आयर्न मॅन’पासून पाहावेत. २०१९चा ‘कॅप्टन मार्व्हल’ १९९५मध्ये घडतो म्हणून तो आधी लावल्यास, सुपरहिरोंना एकत्र आणणाऱ्या निक फ्युरीचा डोळा कसा गेला हे कोडे पडण्याआधीच सुटते. ‘द इन्क्रेडिबल हल्क’ वगळला तरी, माझ्या मते, फारसे बिघडत नाही. श्रेयनामावली सुरू होताच केळीच्या वेफर्सचा पुडा गुंडाळून उठू नये, कारण पुढचा धागा बहुधा तिच्यानंतरच सापडतो. अ‍ॅलन सिल्व्हेस्ट्री या संगीतकाराची २०१२च्या ‘द अ‍ॅव्हेंजर्स’मधील धून ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’च्या अखेरच्या लढाईत पुन्हा उसळते, ती कूलरच्या घरघरीत हरवू नये, यासाठी हेडफोन लावावा.