केंडलची फुलांच्या वासाची पाइप तंबाखू: सुरुवात कुठून आणि कशी करावी

इंग्लंडच्या उत्तर-पश्चिमेला, कंब्रियात, केंडल नावाचं लहानसं गाव आहे. १८व्या शतकात जवळच्या व्हाइटहेवन बंदरात अमेरिकेतून तंबाखू उतरत असे आणि केंडलमध्ये ती दळून तपकीर व्हायची. १७९२ मध्ये टॉमस हॅरिसन यांनी ग्लासगोहून तपकीर दळायची यंत्रं इथे आणली. पुढे त्याच परंपरेतून सॅम्युएल गॉविथ आणि गॉविथ हॉगर्थ ही दोन घराणी उभी राहिली. २०१५ पासून ती पुन्हा एकाच छत्राखाली आहेत. ही पार्श्वभूमी लक्षात ठेवायची ती एवढ्यासाठी, की तपकिरीला वास देण्याची कला, म्हणजे गुलाब, जिरेनियम, लॅव्हेंडर, टोंका यांची तेलं आणि अर्क बेताने वापरण्याची सवय, इथल्या पाइप तंबाखूतही दिसते. जुन्या घरातल्या तपकिरीच्या डबीचा वास ज्यांच्या नाकात अजून आहे, त्यांना केंडलचा डबा उघडल्यावर तो परका वाटत नाही.

हे मार्गदर्शन पाइप आधीपासून ओढणाऱ्या प्रौढांसाठी आहे. ज्यांना तंबाखूची सवय नाही त्यांनी या वासापायी ती लावून घेऊ नये. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत हे खरं, पण तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका त्याने टळत नाही.

दुकानात "इंग्लिश" मागितलं तर बहुतेक वेळा लटाकिया, म्हणजे धुरी दिलेलं एक तंबाखूचं पान, घातलेलं, धुरकट वासाचं मिश्रण हातात पडतं. आपल्याला हवं ते वेगळं आहे. त्याला पाइपवाले "लेकलँड" म्हणतात, आणि त्यात लटाकिया सहसा नसतो. पान व्हर्जिनियाचं असतं, किंवा आगीच्या धुरावर वाळवलेल्या काळ्या केंटकी जातीचं, किंवा दोन्हींचं मिश्रण. ते दाबून लाद्या करतात, लाद्यांचे पातळ काप काढतात, त्यांनाच फ्लेक म्हणतात.

वास ओळखायला आधी शिकून घ्यावं, कारण नावं न कळता ओढत गेलं की सगळंच "साबणासारखं" वाटतं आणि माणूस तिथेच थांबतो. जिरेनियमचा वास गुलाबाच्या जवळचा, पण त्याला हिरवट, पानासारखी धार असते. साबणाची आठवण येते ती मुख्यतः यामुळेच, कारण साबणातही हेच तेल वापरतात. टोंका बी, जिला इंग्रज टोंकिन म्हणतात, तिच्यात कूमरिन असतं. ताज्या कापलेल्या गवताचा, किंचित व्हॅनिलाचा, किंचित बदामाचा असा तो गोडसर वास. लॅव्हेंडर थंड आणि कापरासारखं. जिरेनियम तेलाची आणि लॅव्हेंडर तेलाची छोटी बाटली सुगंधी तेलांच्या दुकानात सहज मिळते. कागदाच्या पट्टीवर एकेक थेंब घेऊन दोन-तीन दिवस हुंगा. पट्टी सुकत गेली की वासाचं टोक कसं मंदावतं तेही कळतं, आणि पाइपमध्ये नेमकं तेच घडणार आहे.

आता क्रम. आमचा ठाम आग्रह असा, की पहिला डबा वासाचा घेऊच नये. सॅम्युएल गॉविथचा फुल व्हर्जिनिया फ्लेक घ्या. त्यात फुलांचा वास नाही, पण केंडलचं दाबलेलं, वाफवलेलं पान त्यात निखळ समजतं. चार-सहा वेळा ओढून त्याची ओली, मनुकांसारखी गोडी जिभेला पटली की मग वरचा थर काय आहे हे वेगळं काढता येतं. पान माहीत नसेल तर वास आणि पान यांची सरमिसळ होते आणि तंबाखू चांगली की वाईट हेच ठरवता येत नाही.

दुसऱ्या पायरीवर सेंट ब्रुनो फ्लेक. हा केंडलचा नाही, लिव्हरपूलच्या ऑग्डेन कंपनीचा जुना ब्रँड आहे, पण त्यातला फुलांचा स्पर्श इतका हलका आहे की शिकायला याच्यासारखा दुसरा नाही. त्याच पायरीवर गॉविथ हॉगर्थचा बॉब्स चॉकलेट फ्लेक ठेवता येतो. कोकोच्या मागे फूल लपलेलं असतं आणि पाइपची वाटी, म्हणजे तंबाखू भरायचा भाग, अर्धी झाली की ते पुढे येतं. तिसऱ्या पायरीवर कोनिस्टन कट प्लग. इथे काळं पान जड असतं आणि वास त्याला पेलून धरतो. सगळ्यात शेवटी एनरडेल फ्लेक. पान बहुतांश व्हर्जिनियाचं, वास बदामाचा आणि त्यावर भरघोस फुलं. ज्यांना एनरडेल पहिल्याच दिवशी हाती लागतो त्यांच्यातले बरेच जण लेकलँडला कायमचा रामराम ठोकतात. तंबाखूत दोष नाही, पायऱ्या गाळल्या एवढंच. काँडोर याच्याच तोडीचा, किंबहुना अधिक बोलका. तो बाजूला ठेवावा आणि आवडायला लागलं तरच उघडावा.

काळं पान आवडणाऱ्यांसाठी आणखी एक उपयुक्त जोडी आहे. गॉविथ हॉगर्थ डार्क फ्लेक सुगंधी आणि बिनसुगंधी अशा दोन्ही प्रकारांत काढतात. दोन्ही थोडं थोडं घेऊन आज एक, उद्या दुसरा असं ओढलं की वास नेमकी कुठे आणि किती भर घालतो याचा उलगडा होतो. एकाच दिवशी दोन्ही मात्र नको. जिभेवरचा थर रात्र गेल्याशिवाय उतरत नाही.

पाइप. हा वास ब्रायर लाकडात शिरतो, वाटीच्या आतल्या काजळीच्या थरात बसतो आणि पुढच्या प्रत्येक तंबाखूत डोकावतो. पाइपवाले त्याला "भूत" म्हणतात. म्हणून लेकलँडसाठी एक पाइप राखून ठेवा, त्यात दुसरं काही भरू नका. सुरुवातीला ब्रायरवर खर्च करायची गरजच नाही. मक्याच्या कणसाचा पाइप, तोही मिसुरीत बनलेला मिसुरी मिरशॉमचा, स्वस्त असतो आणि पुढे टाकून देता येतो. भाजक्या मातीचा पाइप चवीच्या दृष्टीने त्याहून चांगला, कारण तो स्वतःची काही चव देत नाही आणि वासही धरून ठेवत नाही. फक्त तो हातात तापतो, म्हणून दांडीला धरायची सवय करावी. वाटी लहान हवी: आतला व्यास साधारण १७ ते १९ मिलिमीटर, खोली ३० ते ३५. रुंद वाटीत फ्लेक नीट पेटत नाही आणि एकदम तापतो.

केंडलची तंबाखू ओलसर येते. ही तिची रीत आहे, खोट नाही. पण तशीच भरली तर वाफ होते, वाफेने जीभ भाजते आणि वासाचं पाणी होऊन वाटीच्या तळाशी गुळगुळतं. एका वाटीपुरते दोन-तीन काप (साधारण २ ग्रॅम) घ्या आणि कोऱ्या कागदावर अर्धा ते एक तास पसरून ठेवा. पुण्यात मार्चमध्ये वीस मिनिटांत काम होतं, मुंबईत जुलैमध्ये दोन तासांतही होत नाही. तिथे टेबललॅम्पखाली, बल्बपासून हातभर अंतरावर ठेवा. पंख्याखाली ठेवू नका, वरचा वास उडून जातो. वेळ पाहून काम होत नाही, चिमटीत धरून पाहावं. काप दुमडला तर मोडू नये, चिमूट दाबली तर गोळा होऊन तसाच राहू नये, बोटं सोडली की हळूहळू उलगडावा. बोटांना चिकटला तर अजून ओला. कुरकुरला तर हुकलं, त्यातला वास अर्धा गेला आणि धूर तिखट येणार.

भरायच्या दोन पद्धती आहेत. काप तळहातावर चोळून सुट्टा करायचा, किंवा घडी घालून तसाच आत सारायचा. चोळलेला सहज पेटतो, पण लवकर जळतो आणि वास पहिल्या दहा मिनिटांतच ओतून टाकतो. घडी घातलेला हट्टी असतो, पुन्हा पुन्हा पेटवावा लागतो, पण वास शेवटपर्यंत टिकवून ठेवतो. लेकलँडला घडीच शोभते. काप आधी लांबीत दुमडा, मग आडवा, हलकी पीळ द्या आणि वाटीत सारा, अशी की वर ५ मिलिमीटर जागा उरेल. उरलेली जागा चोळलेल्या तंबाखूच्या भुग्याने सैल भरा, कारण घडीच्या डोक्याला सरळ ज्योत लागत नाही. आता न पेटवताच ओढून पाहा. हवा विनासायास यायला हवी. अडखळली तर काढून पुन्हा भरा, पुढे टॅम्परने, म्हणजे तंबाखू दाबायच्या दांडीने, टोचून काही सुधारत नाही.

पेटवताना काडी वापरा. काडीच्या डोक्यावरचं रसायन जळून जाईपर्यंत दोन सेकंद थांबा, मग लावा. पेट्रोलच्या लायटरने या तंबाखूची माती होते, इंधनाचा वास सगळ्या वाटीभर राहतो. गॅसचा, मऊ पिवळ्या ज्योतीचा लायटर चालतो. निळी झोताची ज्योत वाटीची कड जाळते, ती टाळा. पहिल्यांदा वरचा थर सगळीकडून काळा होईपर्यंत गोल फिरवत पेटवा. तंबाखू फुगून वर येईल. टॅम्परच्या वजनानेच ती खाली बसवा, जोर लावू नका. मग दुसऱ्यांदा पेटवा. त्यानंतर तीन-चार वेळा विझली तर पुन्हा पेटवायला लाजायचं कारण नाही.

आता या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, म्हणजे गती. फुलांचे अर्क थोड्याशाच उष्णतेने उडतात. हळू ओढलं की ते धुरासोबत येतात आणि मागे व्हर्जिनियाची गोडी राहते. जोरात ओढलं की तेच अर्क जळून कडू होतात, आणि जिला लोक "साबणाची चव" म्हणतात ती बहुतेक वेळा ही जळकी चव असते. वीस-तीस सेकंदांनी एकदा, जेमतेम धूर येईल एवढंच ओढा. वाटीला गाल लावून पाहा. उबदार लागली तर ठीक. चटका बसला तर पाच मिनिटं खाली ठेवा, विझली तरी चालेल. धूर नाकावाटे अगदी थोडा सोडून पाहिलात तर वास जिभेपेक्षा कितीतरी स्पष्ट कळतो. फुलं बहुतेक नाकानेच समजतात, जिभेच्या वाट्याला गोडी आणि तिखटपणा येतो.

वाटीचा पहिला एकतृतीयांश भाग वासाचा. मधल्या भागात तो मागे सरतो आणि पान बोलू लागतं. शेवटच्या भागात काळ्या पानाच्या फ्लेकमध्ये लाकडी, मातकट चव येते. तिथे वास उरला नाही म्हणून निराश होऊ नका, तो तसा उतरायलाच हवा. गुळगुळ आवाज आला तर पाइप क्लीनर दांडीतून तळापर्यंत घाला, दहा सेकंद थांबा, ओल शोषली की काढा. जीभ चुणचुणली तर त्या दिवशी थांबा.

निकोटीनबद्दल सावध राहा. डार्क फ्लेकसारखे काळे फ्लेक आणि वळलेली दोरखंडासारखी तंबाखू भलतीच जहाल असतात, आणि फुलांचा गोड वास हा जहालपणा झाकतो. रिकाम्या पोटी कधीही नको. उचकी, थंड घाम, मळमळ ही चिन्हं दिसली की पाइप खाली ठेवायचा, पाणी प्यायचं आणि थोडी साखर किंवा गूळ तोंडात टाकायचा. ओढण्याआधी वेलचीचा मसाला चहा किंवा कॉफी घेऊ नये, नाकाला दुसरं काही लागत नाही. कोरा चहा चालतो.

साठवण काचेच्या बरणीत, दर तंबाखूला वेगळी. झाकणाच्या आतलं रबर वास शोषतं, म्हणून एनरडेलच्या बरणीचं झाकण पुढे कशालाही वापरू नका, त्यावर नाव आणि तारीख लिहून टाका. ५० ग्रॅमला २५० मिलिलीटरची बरणी पुरते. ती शक्यतो गच्च भरा, वर हवेची पोकळी कमी ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत वास बाहेर येतो आणि कपाटभर पसरतो. दमट कोकणात किंवा गोव्यात बरणी भरण्याआधी तंबाखू थोडी सुकवून घ्या, कारण ओली तशीच बंद केली तर बुरशी धरते. बुरशी तंतूंसारखी, पांढरट-हिरवट असते आणि कुबट वास येतो. तसं दिसलं तर सगळी बरणी फेका, वरचा थर काढून उरलेली ओढायचा मोह आवरा. वर्ष-दोन वर्षं नीट राहिली तर व्हर्जिनिया गोड होत जाते आणि फुलांचं टोक बोथट होतं. ज्यांना एनरडेल जड जातो त्यांनी एक बरणी भरून विसरून जावी. ब्रिटनमधून येताना आणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, २०१६ च्या बॅगेज नियमांत करमुक्त तंबाखूची मर्यादा १२५ ग्रॅम होती. निघण्याआधी ताजा नियम पाहून घ्यावा.

चुकून चांगल्या ब्रायरमध्ये लेकलँड ओढलं गेलं, तर आधी काजळीचा थर रीमरने खरवडून नाण्याच्या जाडीइतका, म्हणजे मिलिमीटरभर ठेवा. मग वाटीत कापसाचा बोळा सैल भरा, दांडीत पाइप क्लीनर घाला आणि ड्रॉपरने कापसावर जास्त टक्क्यांचं पिण्यायोग्य अल्कोहोल सोडा, कापूस भिजेल इतकंच. बाहेरच्या पॉलिशला थेंब लागला तर रंग उतरतो. रात्रभर उभा ठेवा, सकाळी कापूस तपकिरी झालेला दिसेल. काही जण मीठ वापरतात, पण मिठाने वाटीला तडा जाण्याची भीती असते, म्हणून कापूसच बरा. पाइप आठवडाभर उघड्यावर सुकवून मग त्यात साधा व्हर्जिनिया किंवा लटाकियाचं मिश्रण पाच-सहा वेळा ओढा. एवढ्याने हलका वास जातो. काँडोर मात्र कधीकधी दुसऱ्या फेरीलाही हटत नाही, आणि तेव्हा तो पाइप लेकलँडसाठीच राखून ठेवणं सोयीचं.