नदीखोऱ्यातल्या जुन्या रेल्वेमार्गावर सायकल सहल कशी करावी

रूळ काढून सायकलींसाठी मोकळ्या केलेल्या रेल्वेमार्गावर नवखा सायकलस्वार तासाभरात एकदा तरी उतरतो आणि मागचं चाक उचलून फिरवून बघतो. रस्ता सपाट दिसतोय, मग एवढं जड का जातंय? ब्रेक घासतोय की काय? चाक मोकळं फिरतं. सायकलीत काही दोष नसतो, रस्ताच सपाट नसतो.

रुळावर लोखंडी चाकाची पकड कमी असते, म्हणून रेल्वेमार्गाचा चढ सहसा शंभराला दोन मीटरच्या आत ठेवत. डोंगराळ भागात असा मंद चढ आयता मिळतो तो नदीच्या काठाने, म्हणून रूळही काठाकाठाने गेले. एक टक्का चढ डोळ्यांना दिसत नाही, मांड्यांना मात्र बरोबर कळतो. सपाटीवर रमतगमत चालवताना लागतो त्याच्या दीडपट जोर तेवढ्यावरच लागू शकतो. या सहलीचं सगळं नियोजन त्या न दिसणाऱ्या चढाभोवती करावं.

आधी दिशा ठरवा

नकाशावर नदी कुठून कुठे वाहते ते बघा. जाऊन-येऊन सहल असेल तर सकाळी ताज्या पायांनी प्रवाहाच्या उलट जा, परतताना उतार मिळेल. पण निघा लवकर. उन्हाच्या दिवशी खोऱ्यात दुपारकडे वारा बहुधा खालून वर वाहू लागतो आणि परतीला तोंडावर येतो. तो जोरात असला तर एक टक्का उताराचा काही उपयोग होत नाही. पाय दमले की नव्हे, अर्धा वेळ संपला की मागे फिरायचं, ही शिस्त पाळा.

एकमार्गी जायचं असेल तर उंचीचा आलेख बघितल्याशिवाय सुरुवातीचं ठिकाण ठरवू नका. अमेरिकेतल्या ग्रेट अ‍ॅलिगेनी पॅसेजचं उदाहरण घ्या. पिट्सबर्ग ते कंबरलँड, सुमारे २४० किलोमीटर. मधला जलविभाजक, म्हणजे जिथून पाणी दोन वेगळ्या दिशांना वाहू लागतं तो माथा, ७२९ मीटर उंचीवर. कंबरलँडहून निघालात तर ५०० मीटरहून जास्त चढ ३८ किलोमीटरांत अंगावर येतो. पिट्सबर्गहून जवळपास तेवढाच चढ २०० किलोमीटरवर पसरलेला आहे. वाट एकच, सहली अगदी वेगळ्या.

मार्ग खुला आहे का ते बघा

हे निघण्याच्या आदल्या दिवशी करा, महिनाभर आधी नव्हे. नदीकाठची वाट म्हणजे पूर आणि दरडी आल्याच. मिसुरी नदीकाठच्या केटी ट्रेलची १९९३च्या महापुरात मोठी पडझड झाली होती. ग्रेट अ‍ॅलिगेनी पॅसेजवरचा बिग सॅव्हेज बोगदा तर दर हिवाळ्यात बंदच असतो. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण दरीत रेंज जाते.

सायकल आणि बूड

पृष्ठभाग बहुधा बारीक चुनखडीच्या कचीचा, दाबून बसवलेला. त्यावर ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचे टायर छान चालतात. हवा डांबरी रस्त्यापेक्षा थोडी कमी ठेवा. गिअर फार लागत नाहीत. सुट्टी ट्यूब, पंप, टायर काढायचे लिव्हर आणि पाणी एवढं हवंच.

खरा त्रास सीटवर होतो. डोंगरी रस्त्यावर उतार आला की पेडल थांबतात, माणूस जरा उठतो, बुडाला विश्रांती मिळते. इथे कचीवरच्या मंद उतारावर पेडल थांबवलं की सायकल रेंगाळायला लागते, म्हणून तासन्‌तास एकाच बैठकीत पाय चालू राहतात. पॅडवाली चड्डी घाला आणि दर दहा मिनिटांनी मुद्दाम अर्धा मिनिट उभं राहून पेडल मारा. कंटाळवाणं आहे, पण दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसता येतं.

वाटेवर

रस्ता आडवा जातो तिथे वाहनं अडवायला मधोमध खांब रोवलेले असतात. नदीकडे बघत येणाऱ्याला ते शेवटच्या क्षणी दिसतात, तेव्हा चौक जवळ आला की वेग कमी करा. लाकडी फळ्यांचा पूल ओला असेल तर त्यावर वळू नका, ब्रेकही दाबू नका. सरळ, संथ निघा. नदी बघायची असेल तर थांबून कठड्याशी उभे राहा. पुढच्याला ओलांडताना आधी घंटी वाजवा. घोडेस्वार असेल तर मात्र घंटी नको, लांबूनच आवाज द्या. माणसाचा आवाज ऐकला की घोडा सहसा बुजत नाही.

बोगदा

तोंडाशी थांबा. गॉगल काढा, दिवा लावा, जॅकेट घाला, कारण आत शिरताच थंडी झोंबते आणि छतातून टपटप पाणी मानेवर पडतं. पलीकडचं तोंड नाण्याएवढं दिसतं आणि नजर तिकडेच खेचली जाते. तिकडे बघत राहिलात तर बाजूची भिंत किती जवळ आली ते कळत नाही. दिव्याचा झोत चार-पाच मीटर पुढे जमिनीवर ठेवा, नजरही तिथेच. आणि नियमाची पाटी वाचा, कारण बोगद्यागणिक नियम बदलतात. विस्कॉन्सिनमधल्या एलरॉय-स्पार्टा ट्रेलवरच्या सर्वांत लांब, सुमारे ११६० मीटरच्या बोगद्यात दिवे नाहीत. तिथे सायकल हातात धरून चालत जावं लागतं. इंग्लंडमध्ये बाथजवळचा कूम डाउन बोगदा १६७२ मीटर लांब, पण आत दिवे आहेत आणि सायकल चालवता येते.

दरीत सूर्य डोंगराआड लवकर जातो, तेव्हा मागचा लाल दिवा चारलाच लावलेला बरा. घरी आल्यावर चेन त्याच रात्री पुसून तेल द्या. चुनखडीची ओली भुकटी सकाळपर्यंत वाळून कड्यांमध्ये घट्ट बसते, मग ब्रशने घासून काढावी लागते.